डोळा नसलेला पोपट

नळदुर्गात कुणाचं लुगडं जीर्ण झालं, पलंगपोस विरला, नाहीतर लग्नातलं जाजम उंदरांनी कुरतडलं, की बाया म्हणायच्या, "टाकू नका गं, पुतळाबाईला हाक मारा." पुतळाबाई वाकळा शिवायची. जुनेरं घेऊन जायची आणि काही दिवसांनी जाडजूड, उबदार वाकळ आणून द्यायची. शिवणावळ म्हणून कुणी ज्वारी द्यायचं, कुणी डाळ. पण एक गोष्ट ती मागून घ्यायची. त्या जुन्या कापडांत हातानं छापलेलं काही असलं, तर त्यातला एक तुकडा ती स्वतःकडं ठेवायची.

"माझं फाटकं जाजम न्हेतीस आन् बदल्यात धड वाकळ देतीस," शेजारची प्रेमाबाई हसायची. "तुज्या नवऱ्यानं आसला येपार बगितला आसता तर कपाळ बडवलं आसतं."

बोलून झाल्यावर प्रेमाबाई जीभ चावायची. पुतळाबाईच्या नवऱ्याचा विषय काढायचा नाही, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. काढला तर 'आहे' म्हणावं की 'होता' म्हणावं, हेच कुणाला कळत नव्हतं.

पुतळाबाई कापड हातात घेतलं की आधी उलटं करायची. समोरून बघणं तिला माहीतच नव्हतं. म्हणायची, माणूस पुढून शहाणा दिसतो, कापडही तसंच. गिरणीचं छापील कापड समोरून रंगीत आणि मागून आजाऱ्यासारखं फिकं. त्यातली फुलं सगळी एका मापाची, परेडला उभ्या केलेल्या शिपायांसारखी. हातछापीचं तसं नसतं. रंग पाठीपर्यंत उतरलेला असतो. दोन ठशांच्या मधे कुठं केसभर फट राहते, कुठं एक फूल दुसऱ्याच्या पायावर पाय देऊन उभं असतं. पाण्यात भिजवलं तर रंग धरावा म्हणून दिलेल्या हिरड्याचा तुरट वास कितीही वर्षांनी येतो. रजाकारीच्या आधीची चीट कुठली, नंतरच्या पुडीच्या रंगातली कुठली, हे ती बोटांनी सांगायची. पलंगपोस सोलापूरकडचा की हैदराबादेकडचा, हे तिला काठावरच्या वेलीवरून कळायचं. कुणी विचारलं तर सांगायची, नाही विचारलं तर दोरा ओवायची.

या सगळ्या ढिगात ती शोधायची मात्र एकच. काठावर छापलेला पोपट, ज्याला डोळा नाही.

हे घर रंगाऱ्यांचं. बोरी नदीच्या पात्रात, किल्ल्याच्या बांधाखाली, तिच्या सासऱ्यांनी आणि त्यांच्याही आधीच्यांनी कापडं धुतली. आसपासच्या गावांत कुठलंही लग्न, कुठलीही पंगत या घरच्या जाजमाशिवाय बसली नाही. तिचा नवरा ज्ञानोबा हा सासऱ्यांचा एकुलता एक. लहानपणी त्याच्या हातून पोपटाचा ठसा दगडावर पडला आणि पोपटाच्या डोळ्याचा टवका उडाला. बाप म्हणाला, नवा कोरून आणू, हा चुलीत घाल. पोरगं ठसा पोटाशी धरून बसलं. म्हणालं, "आंधळा झाला म्हून का जाळायचा?" बाप हसला आणि तोच ठसा त्यानं पोराला देऊन टाकला. पुढं ज्ञानोबानं छापलेल्या प्रत्येक जाजमाच्या काठाला तोच आंधळा पोपट बसला.

ज्ञानोबा डावरा होता. बापानं हातावर पट्ट्या मारल्या, आईनं देवीला साकडं घातलं, पण ठसा उचलायला डावाच हात पुढं यायचा. भार डावीकडं पडायचा म्हणून त्याच्या पोपटाची शेपटी गडद उमटायची आणि चोच फिकी. पुतळाबाई नवी नवरी होती तेव्हा त्याला चिडवायची, "तुमचा पोपट आंदळाबी हाय आन् मुकाबी." तो म्हणायचा, "मंग बरंच हाय की. घरातलं भाईर सांगत न्हाय."

बहात्तरच्या दुष्काळात बोरी आटली. नदी आटली की रंगारी संपला. हिरडा भिजवायला पाणी नाही, रंग उकळायला नाही, कापड धुवायला तर नाहीच नाही. आणि त्या साली जाजम घालून पंगत वाढणार तरी कोण होतं? सगळा गाव सडकेच्या कामावर खडी फोडत होता आणि सरकारी सुकडीच्या रांगेत उभा होता. ज्ञानोबाही गेला. चार दिवसांत त्याच्या डाव्या हाताला फोड आले. पाचव्या दिवशी हातोडा ठेवून तो म्हणाला, "ह्यो हात गेला तर म्या कशाचा रंगारी? हैदराबादच्या वाटंला पानी हाय म्हनत्यात. छापखान्यात काम मिळंल. पाऊस पडला की येतो."

पोपटाचा ठसा त्यानं धोतरात गुंडाळून घेतला. पुतळाबाईनं एक वाकळ घाईनं पुरी करून दिली. या घरात वाकळीचा शेवटचा कोपरा शिवताना त्यात चार दाणे ज्वारीचे घालायची रीत होती. सासूबाई विठाबाई म्हणायच्या, "पोट रिकामं ठिऊन कुनाला निजवू न्हाय, वाकळीलाबी न्हाय." त्या दिवशी घरात दाणा नव्हता. तिनं कोपरा तसाच शिवला. नळदुर्गच्या वेशीबाहेर एका ट्रकवाल्यानं त्याला वर घेतलं, एवढं लोकांनी पाहिलं.

पाऊस पडला. त्याच्या पुढच्या वर्षीही पडला. ज्ञानोबा आला नाही.

घरात त्याच्या हातचं काही उरलं नव्हतं. रंगाऱ्याच्या घरी छापलेलं कापड टिकत नाही, ते लोकांच्या घरी असतं. म्हणून पुतळाबाई वाकळा शिवू लागली. लोकांच्या घरांतून, माळ्यांवरून, बाळंतिणींच्या खाटांखालून ती नवरा वेचत होती. प्रेमाबाईच्या लग्नातल्या जाजमाचा कोपरा, अणदूरच्या एका घरातला तेल पडलेला तुकडा, कुणाच्या बैलाच्या झुलीला लावलेली पट्टी. धुऊन, वाळवून, घडी करून ती गाठोड्यात ठेवायची. बाया मागून तिला चिंधीबाई म्हणायच्या. ते तिला माहीत होतं.

विठाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पण खंडेनवमीला घरातले ठसे त्या स्वतःच्या हातानं पुसायच्या, पाटावर ओळीनं मांडायच्या आणि मधे एका ठशाची जागा मोकळी सोडायच्या. त्या जागेवर झेंडूचं एक फूल. "त्यो आला की ठिवल," म्हणायच्या.

मग बारा वर्षं झाली. भावकीतले वडीलधारे आण्णासाहेब एक दिवस ओट्यावर येऊन बसले. पाणी प्यायले, घसा साफ केला.

"वैनी," ते विठाबाईंना म्हणाले, "बारा वर्सं वाट बगायची, मंग दर्भाचा पुतळा करून क्रिया करायची, आसं शास्तर हाय. आत्मा लटकत ठिवू न्हाय. दिवाळी झाली की पुतळा जाळून मोकळं होऊ."

आत चुलीपाशी बसलेली पुतळाबाई आपलं नाव ऐकून दचकली. मग कशाबद्दल चाललंय ते तिच्या ध्यानात आलं. त्या दिवसानंतर भावकीत कुणीही 'पुतळा' म्हटलं की तिचा हात आपसूक कपाळाच्या कुंकवाकडं जायचा.

"माजं लेकरू जित्तं हाय," विठाबाई म्हणाल्या. "देवीला नवस बोललीय म्या. त्याची खबर लागंल त्या दिशी तुळजापूरला पायी जाऊन वटी भरीन. तुमच्या शास्तराला म्हनावं थांब."

आण्णासाहेबांनी पुतळाबाईकडं पाहिलं. ती चुलीतली लाकडं पुढं सारत राहिली. काय बोलणार? आहे म्हणायला पुरावा नव्हता आणि नाही म्हणायला जीभ नव्हती.

त्याच वर्षी श्रावणात ती सोसायटीच्या दुकानात कंट्रोलचं कापड आलंय का ते बघायला गेली. दुकानात बाबूराव बसायचा. खरेदी-विक्री संघाकडून नवीन चादरींचा गठ्ठा आला होता. सवयीप्रमाणं ती चादरींचे काठ चाळू लागली.

"पुतळाबाई," बाबूराव म्हणाला, "घ्यायची हाय का नुसती कुशीवर वळवायची हाय?"

तिनं एक घडी दाराकडं ओढली. दुकानात उजेड कमी होता. घडीतून काठाचा वीतभर भाग बाहेर आला होता आणि त्यावर ओळीनं पोपट बसले होते. एकालाही डोळा नव्हता. तिनं अंगठा फिरवला. डोळ्याच्या जागी टवक्याची तीच तिरपी रेघ. रंग नवा होता. कापडाची खळसुद्धा मोडली नव्हती.

"हे कुठलं?" तिनं विचारलं.

बाबूरावानं काठावरचा शिक्का वाचला. "हुमनाबादचं हाय. तिथं छापनाऱ्यांची सोसायटी हाय म्हनं. का वो? बाई, खाली बसा, पानी देऊ का?"

आयुष्यात पहिल्यांदा तिनं कापड उलटं करून पाहिलं नाही. चादर छातीशी धरून ती घराकडं पळत सुटली. दारातूनच सासूला म्हणाली, "आत्याबाई, ह्ये हायेत. ह्ये छापायलेत."

विठाबाईंनी घडीवरून बोटं फिरवली. छापील कापडावर बोटाला काय लागणार? पण त्या म्हणाल्या, "व्हय गं. त्योच हाय." मग चादर मांडीवर घेऊन त्या कितीतरी वेळ बसून राहिल्या, बाळाला घेऊन बसावं तशा. गल्लीत साखर वाटली गेली. प्रेमाबाई रडली आणि म्हणाली, "आता तरी माझ्या जाजमाचा तुकडा परत दे. खरा रंगारी येतोय घरी."

दुसऱ्याच दिवशी विठाबाई तुळजापूरला निघाल्या. पुतळाबाई म्हणाली, "आत्याबाई, आधी त्येंचा ठावठिकाणा लागू द्या. मानूस घरी येऊ द्या."

"नवस खबरीचा बोलले होते, मानसाचा न्हाय," विठाबाई म्हणाल्या. "देवीला वाट बगायला लावू न्हाय. बारा वर्सं तिनं आपली वाट बगितली."

सुनेच्या खांद्यावर हात ठेवून म्हातारी अनवाणी चालली. चादर काखेत होती, ती तिनं कुणाकडं दिली नाही. मुक्काम करत करत दोघी पोचल्या. देवीची खणानारळानं ओटी भरली. विठाबाईंनी उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि हात जोडून म्हणाल्या, "फिटलं गं माये. तुजं मला काई देनं न्हाय, माजं तुला न्हाय." पुतळाबाईनं त्या दिवशी कुंकू नेहमीपेक्षा मोठं लावलं होतं.

घरी आल्यावर वाटेतल्या पावसानं दमट झालेली चादर तिनं अंगणातल्या दोरीवर टाकली. सकाळचं ऊन होतं. ऊन कापडामागं आलं आणि काठावरची पोपटांची रांग पेटल्यासारखी झाली. पुतळाबाई बघत राहिली. मग ती दोरीच्या पलीकडं गेली आणि मागून पाहिलं. पुन्हा पुढं आली.

प्रत्येक पोपटाची चोच गडद होती. शेपटी फिकी होती.

ठसा त्याचा होता. हात त्याचा नव्हता.

ती तिथंच तुळशीच्या कट्ट्याला टेकून बसली. ज्या माणसानं बापाच्या सांगण्यावरूनही ठसा सोडला नाही, त्याचा ठसा दुसऱ्याच्या हातात गेला होता. आतून विठाबाईंनी विचारलं, "वाळली का गं?"

"वाळतीय," ती म्हणाली.

तरीही मन मानेना. खडी फोडताना हाताला फोड आले होते, पुढं तो हात निकामी झाला असेल, उजव्यानं शिकला असेल. उजव्यानं छापायला शिकून तरी जगू दे, एवढंच तिनं देवीकडं मागितलं. तोवर पितृपंधरवडा लागला होता. असल्या दिवसांत बाहेर निघू नये, पण ती एसटीनं हुमनाबादला गेली. विठाबाईंना सांगितलं, "ठावठिकाणा काढून येते."

छपाईची शेड गावाच्या टोकाला होती. आत एक म्हातारा पाठमोरा उभा होता. पुतळाबाई दारातच थांबली. तिनं हाक मारली नाही, आधी त्याचे हात पाहिले. उजवा हात ठसा उचलत होता, रंगाच्या गादीवर टेकवत होता, कापडावर ठेवत होता. डावा त्यावर थाप मारत होता. हा माणूस जन्माचा उजवा होता. तिनं देवीकडं मागितलेलं तेवढंही गेलं.

म्हाताऱ्यानं वळून पाहिलं. "कोन? कुंद्री अव्वा, बसा."

त्याचं नाव ईरण्णा. पुतळाबाईनं चादर पुढं केली आणि पोपटावर बोट ठेवलं. म्हणाली, "ह्याचा डोळा आमच्या घरी फुटलाय."

ईरण्णानं हातातला ठसा खाली ठेवला. बराच वेळ तो रंगानं माखलेली बोटं फडक्याला पुसत राहिला. मग म्हणाला, "मी बारा वर्षं म्हनत होतो, कोनतरी येनार. मराठी मानूस होता. बरगालात, दुष्काळात आला. इथं धर्मशाळेत पडला. हगवन लागली होती. काम मागायला आला न्हाई, त्याच्या आधीच पडला. धर्मशाळेचा राखनदार मला बोलावून नेला, तवा बोलायची ताकद न्हाई. ठसा माझ्या हातात दिला. येवढंच बोलला, 'चुलीत घालू देऊ नका.' त्या साली लाकूड कुठं होतं अव्वा, लोक दारं जाळत होते."

"आग्नी?"

"दिला. आमी चौघं-पाच जन होतो. मंत्र येत न्हवता कोनाला. शिवा शिवा म्हनलं."

"अंगावर काय होतं?"

"वाकळ होती एक. ती संगंच गेली."

तिनं मान हलवली. ईरण्णानं पोपटाचा ठसा धुतला, कोरडा केला आणि तिच्या ओंजळीत ठेवला. "तुमचा हाय. घेऊन जावा."

डाव्या हाताच्या पकडीनं लाकडाला एका बाजूनं खळगा पडला होता. तिनं त्या खळग्यात आपली बोटं बसवून पाहिली. मग ठसा कपाळाला लावला आणि परत दिला.

"आमच्या घरात आता छापणारं कुनी न्हाय," ती म्हणाली. "तिथं नेला तर मी मेल्यावर कुनीतरी चुलीतच घालंल. तुमच्याकडं त्यो जित्ता हाय. राहू द्या."

ईरण्णानं चहा सांगितला. तो तिनं घेतला.

ती घरी आली तेव्हा विठाबाई ओट्यावरच होत्या. त्यांनी पावलं ओळखली. पुतळाबाईनं पाय धुतले, देवापाशी दिवा लावला, भाकरी थापल्या. म्हातारीनं काही विचारलं नाही. सर्वपित्री अमावास्या आली आणि गेली. विठाबाई पितरांच्या पानांपाशी बसल्या, पण किती पानं मांडली हे त्यांनी विचारलं नाही आणि पुतळाबाईनं सांगितलं नाही. घट बसले. नवरात्रात आरतीच्या वेळी दोघी शेजारी उभ्या राहायच्या आणि दोघींचाही आवाज निघायचा नाही.

खंडेनवमीला पुतळाबाईनं ठसे आणून पुढं ठेवले. विठाबाईंनी एकेक पुसला, चाचपून ओळखला, पाटावर मांडला. मधली जागा मोकळी राहिली. पुतळाबाईनं सवयीनं झेंडूचं फूल पुढं केलं. म्हातारीनं ते घेतलं नाही. दोन्ही हातांनी तिनं पाटावरचे ठसे दोन्हीकडून मधे सरकवले, लाकडाला लाकूड लागेपर्यंत.

"आत्याबाई," पुतळाबाई म्हणाली.

"हुमनाबादवरनं आलीस त्या दिशी तू आधी पाय धुतलेस," विठाबाई म्हणाल्या. "चांगली खबर आनलेली बाई आधी बोलती, मंग पाय धुती." मग थोडं थांबून म्हणाल्या, "देवीला फिटलं म्हनून आले गं मी. आता तिच्याकडं पुन्ना कंच्या तोंडानं जाऊ?"

पुतळाबाईनं त्यांचा हात धरला.

विठाबाईंनीच निरोप धाडला, आणि दिवाळीनंतर आण्णासाहेब क्रियेचं सामान घेऊन आले. दर्भ होता, तीळ होते, पुतळ्यावर घालायला सोसायटीतलं कोरं पांढरं कापड होतं. विठाबाईंनी कापड बोटांत धरून पाहिलं आणि परत दिलं.

"गिरनीचं न्हाय घालायचं त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "साऱ्या मुलखाला त्यानं अंथरून दिलं. त्याला त्याच्याच हातचं पांघरून जाऊ द्या."

"वैनी, त्याच्या हातचं आता कुठनं आनायचं?"

पुतळाबाई उठली आणि गाठोडं घेऊन आली.

ती दिवसभर शिवत बसली. प्रेमाबाईनं न बोलता दोरे ओवून दिले. बारा वर्षांत जमवलेले सगळे तुकडे तिनं अंगणात मांडले, काठाला काठ जुळवला. तेलाचा डाग पडलेला, उंदरानं खाल्लेला, बैलाच्या पाठीवर उन्हानं विटलेला, सगळे. शेपटी गडद, चोच फिकी. प्रेमाबाईच्या लग्नातला कोपरा हातात आला तेव्हा ती थांबली आणि तो तिच्यापुढं धरला. "तुजा हाय. ठेवायचा आसंल तर ठेव."

"येडी का काय तू," प्रेमाबाई म्हणाली आणि तो तुकडा तिनं स्वतःच ओळीत लावला.

स्वतःसाठी पुतळाबाईनं एकही मागं ठेवला नाही. आण्णासाहेब दोनदा डोकावून गेले, उशीर होतोय म्हणाले. शेवटचा कोपरा राहिला तेव्हा तिनं सुई कापडात खोचली आणि आत गेली. ज्वारीच्या कणगीत हात घातला. रीत चार दाण्यांची होती. तिनं ओंजळ भरून आणली, कोपऱ्यात ओतली, आणि एकही दाणा सांडू नये म्हणून टाके अगदी जवळजवळ घातले.